विशेषण

रात्री पावणेबारा. फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर
एजन्सीची बातमी उतरते.
देशाच्या नावाआधी त्याचं विशेषण येतं.
मराठीत काय लिहू? चिमुकला? टीचभर?
टीचभर म्हटलं की आपल्याकडे पोटच आठवतं.

फोटो तोच. जळता टायर, मागे पळणारा पोरगा.
गेल्या निवडणुकीतही हाच टायर जळत होता.
पोरगा अजून मोठा झालेला नाही.

जहाजावर फिटर असलेले शब्बीर परकार
मतमोजणीच्या वेळी त्या बंदरात अडकून होते, अकरा दिवस.
म्हणाले, शाळेच्या फळ्यावर खडूने मतं मांडत होते,
पाच झाली की आडवी रेघ.
एक मत बाद झालं म्हणून
दोन म्हाताऱ्या दुपारभर भांडल्या,
मग एकीने दुसरीला आपल्या छत्रीतून घरी सोडलं.
आणि टायर?
‘होते की. धक्क्याला बांधलेले,
होडी आपटू नये म्हणून.’

चार ओळी लिहून दिल्या.
खुळेसाहेब म्हणाले, यात बातमी कुठाय?
खरंच, नव्हती.

आग्रीपाड्याला आमच्याकडे आला होता एकदा
परदेशी कॅमेरा.
नळाला पाणी होतं त्या दिवशी.
त्यांनी तो बंद करायला सांगितला
आणि हंडे रांगेत लावून घेतले.
आईने लावलेही, पाहुणे म्हणून.

सव्वाबाराला पान सुटलं.
विशेषण मी गाळलं.
तेवढ्या जागेत
फोटो थोडा मोठा बसला.