पाखराईचा टाक

सोजरबाईनं पदराची गाठ सोडली
आणि काट्यावर देव ठेवला.
"मधोमध काप," म्हणाली. "आम्हा जावांची वाटणी झाली,
भांडी झाली, शेरडं झाली, एवढा एकच राहिलाय."

तीन ग्रॅम, सातशे मिली.

तेरच्या पांढरीत असलं निघतंच.
पोरं मणी वेचतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे.
हा तिच्या आजेसासूला घावला म्हणे,
चूल सारवायला माती आणताना, पाटीच्या तळाशी.
तेव्हापासून देव्हाऱ्यात, खंडोबाच्या डाव्या अंगाला.

बाईचं तोंड. सरळ नाक, मिटलेले ओठ,
डोक्याला टोप, आणि टोपाला, कानाच्या वर, पंख.
म्हणून पाखराई.
उलट्या अंगाला दोन घोडेस्वार, भाले रोखून.
"एक आपला मल्हारी," सोजरबाई म्हणाली.
दुसरा कोण, ते सासूनंही कधी सांगितलं नाही.
खाली अक्षरं. मला मोडी लागते, ही लागेनात.
संग्रहालय बघायला आलेले एक साहेब
असल्याच एका नाण्याला रोम म्हणाले होते :
गलबतातून, मग बैलांच्या पाठीवरून घाट चढून
इथं तेरणेच्या काठी, कापडाच्या मोलात.

रिठ्याच्या पाण्यात तिला घासली.
गालावरची हळद सुटली,
तिच्याखालची जुनी, काळी पडलेली हळद सुटली,
आणि डोळ्यापासून हनुवटीपर्यंत एक खाच.
"लागलंय तिला," सोजरबाई आवाज उतरवून म्हणाली,
"लढाईत."

लढाईत नव्हे.
मी छिन्नी घेतली, धार खाचेत टेकवली.
बसली.
एकच घाव, तिरका,
आत तांबं आहे का तेवढं बघण्यापुरता. पुढं नाही.
कुणीतरी दुकानाच्या उंबऱ्याशी उजेडाला बसलेला,
परक्या देवीचा भरवसा नसलेला,
समोर गिऱ्हाईक ताटकळत.
गालच का निवडला त्यानं,
की नाणं जसं हातात आलं तसंच ठेवलं ऐरणीवर?
आणि चांदी दिसल्यावर
अंगठा फिरवला असेल का त्या खाचेवरून,
मी आत्ता फिरवतोय तसा?

हातोडी माझ्या हातातच होती.
बाहेर ढोकीची बस आली, हॉर्न देऊन गेली.

"काय निघालं?" सोजरबाईनं विचारलं.
चांदी, म्हणालो.
"ते ठाऊकच होतं की. काप म्हणलं होतं तुला."

मी घासायचे वीस रुपये सांगितले.