दिवस आठवा

नौपाड्यात चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
मी शहरं लिहितो.
दिवस तिसरा : हेलसिंकी, नाश्त्यानंतर.
दिवस चौथा : बोटीने टॅलिन. तटबंदी, दगडी गल्ल्या,
दुपारी वरणभात.
दिवस सहावा : रिगा.
दिवस आठवा : व्हिल्नियस.
नऊ वर्षं झाली. पासपोर्ट माझाही आहे,
कोरा, लग्नाच्या अल्बमखाली.

विशेषणं साहेबांनी ठरवून दिलीत :
राजवाडा भव्य, चर्च नयनरम्य,
गल्ली दिसली की परीकथेतली.
आणि जिथे बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही
तिथे लिहायचं – फोटो स्टॉप, पंधरा मिनिटं.

परत आलेले लोक चुंबक आणून देतात.
आमच्या फ्रीजच्या दारावर अख्खा उत्तर युरोप,
आत कालची गवार.
कुणी सांगतं, रात्री साडेदहाला ऊन, झोपायचं कधी?
कुणी म्हणतं, पिठलं पातळ होतं.

रोहेकरबाई आल्या त्या ऑगस्टात, चुंबक न आणता.
राहायला टेंभी नाक्याला. वागळे इस्टेटीत
स्प्रिंगांच्या कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिलेला.
चार घड्या घातलेलं माझं पत्रक पर्समधून काढलं,
आठव्या दिवसाखाली पेन्सिलीची रेघ.
"हे तुम्ही लिहिलंत?"
मला वाटलं, पैसे परत मागणार.

"इथे आमचं सिनेगॉग होतं.
आमचं म्हणजे आमच्यासारख्यांचं. त्यांची भाषा निराळी,
आम्ही आपले मराठी.
फार मोठं होतं म्हणे. माणसंही होती, हजारोंनी.
ते पाडून वर शाळा बांधली. आता शाळाही बंद.
गाईड सात मिनिटं बोलली, चांगलं बोलली.
उरलेल्या आठात कुणी स्वेटर काढला,
कुणी बाथरूम विचारलं.
मग तुमचा पोरगा शिट्टी वाजवून डोकी मोजायला लागला.
एकोणचाळीस. परत एकोणचाळीस.
चाळिसावी मी, भिंतीपाशी.
ऐकू येत होतं हो. पाय निघेना.
मोजतात तर आमच्याकडेही.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
हल्ली नऊ होतात, दहावा घोडबंदर रोडवरून येतो,
ट्रॅफिकमध्ये अडकतो.
आम्ही थांबतो."

चहा पिऊन गेल्या. पत्रक टेबलावरच राहिलं.
साहेबांना म्हटलं, अर्धा तास करू या का तिथे?
साहेब म्हणाले, बसचं पार्किंग तू भरणार?

त्या संध्याकाळी टेंभी नाक्याला उतरलो.
रस्ता रोजचाच. सिव्हिल हॉस्पिटल, रिक्षांची रांग,
नवरात्राच्या मांडवाचे बांबू येऊन पडलेले.
हे फाटक मात्र नऊ वर्षांत
एकदाही दिसलं नव्हतं मला,
त्याला विशेषण लावलेलं नव्हतं कुणी.
मोबाइलवर पंधरा मिनिटं लावली.

चौथ्या मिनिटाला बघून संपलं.
सातव्याला पाय दुखले, कंटाळा आला,
घरून फोन आला, कोथिंबीर आण.
अकराव्याला एक वयस्कर गृहस्थ रिक्षातून उतरले
आणि सुटे न घेता
जवळजवळ पळतच आत गेले.
ते कितवे होते, मी कसं सांगू.

वॉचमनने विचारलं, कोण पाहिजे?
कोणी नाही, म्हटलं.
फोटोला परवानगी लागते, तो म्हणाला.
म्हटलं, फोटो नाही काढत.
मग काय करताय?
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं,
आणि मोबाइल वाजायला अजून तीन मिनिटं होती.

नवं पत्रक कालच छापून आलं.
आठव्या दिवशी पंधराच मिनिटं आहेत,
ती वाढवणं माझ्या हातात नाही.
दोन इंग्रजी शब्द खोडून
एक मराठी घातला तेवढा.
साहेबांच्या लक्षात आलेलं नाही.
व्हिल्नियस, जुना भाग, नाश्त्यानंतर :
थांबा, पंधरा मिनिटं.