काठी

पाणी सोडायच्या आधी मी कोंडीत काठी घालतो.
बांबूची, नानांच्या वेळची,
हाताहातावर कोयत्याने पाडलेल्या खाचा.
चौथ्या खाचेपर्यंत ओली झाली
की आंबेरखोलच्या अठ्ठावन्न नळांना
मे महिन्यातही रोज तासभर.
हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं,
काठीला ठाऊक होतं.

वरची घाटी तेव्हा ऐनाची, किंजळीची.
वहाळाच्या दोन्ही काठांना काजरा, करंज,
आणि एक म्हातारी जांभळ तर पाण्यातच आडवी,
तिच्यामागे अडलेला पाला,
पाल्याखाली कुर्ल्या,
आणि त्या काळ्या गारव्यात
शेपटीही न हलवता थांबलेले खडस.
वर पाऊस पडला तरी कोंडीला कळायला
दुसरा दिवस उजाडायचा.
पाणी पानापानाला विचारत यायचं.

आता सर कोसळते
आणि अर्ध्या तासात वहाळ तांबडा,
धोंडे गडगडवत, पंपाच्या पायरीवरून.
संध्याकाळी बघावं तर कुठे काय.
शिमग्याची पालखी अजून देवळातच असते
आणि नळ नुसते फुसफुसतात.

गेल्या महिन्यात बंदरावरची बिलकिसबी
रिकामी टोपली घेऊन पंपावर आली.
ओहोटीला मांडीभर गाळ, म्हणाली,
तिसऱ्या आतल्या आत मेल्यात, तोंडं उघडी टाकून.
"तुमचा डोंगर आमच्याकडं आलाय, भाऊ.
न्यायला या."
मी हसलो. ती हसली नाही.

कागदावर चार सह्या आहेत.
तिसरी माझी.
प्रणिताच्या नर्सिंगची पहिल्या वर्षाची फी,
टनावर मोजलेली.
फुटवे येतील म्हणाला ठेकेदार,
दोन पावसाळ्यांत पुन्हा रान.
खोटं नव्हता बोलत, फुटवे आले.
माती मात्र त्यांची वाट बघत थांबली नाही.

आणि ते कागदात नसलेलं:
शेवटच्या दिवशी गाडीत थोडी जागा उरली होती.
साखळी हातात घेऊन पोरगा म्हणाला,
काका, ही पाण्यातली पण घेऊ?
मी म्हटलं, कुजकी आहे. घ्या.
ओढून काढताना तिच्याखालून
काहीतरी चांदीसारखं लकाकलं, दोनदा.

काल काठी घातली.
दीड खाच पाणी.
त्याखाली मऊ.
दाबत गेलो, जात राहिली,
मग कशाततरी रुतली.
हात सोडला
तर उभीच.

प्रणिताचा फोन आला. पाणी येतंय ना बाबा?
येतंय म्हटलं. तुरटी फिरवून घ्या म्हटलं सगळ्यांना.

काठी काढायचं राहून गेलं.
आज सकाळी तिच्या टोकावर खंड्या बसला होता,
मान तिरकी करून खाली बघत.
खूप वेळ.
सूर मारला नाही त्याने.
मग उडाला, खाडीच्या अंगाला.