पंचावन्न टक्के

इथे वडीलधाऱ्या माणसाला पाक म्हणतात.
पाक विर्योनो. मेरापीच्या चौकीवर एकतीस वर्षं,
सुईखालचा कागद बदलत.
मला या शब्दाचं हसू आलं,
कारण परसात त्यांची बायको मुर्तिनाह
खरोखरच पाकाशी झुंजत होती:
ताडगूळ, नारळाचं दूध, चिकट तांदळाचं पीठ,
आणि वल्ह्याएवढं उलथनं.
जेनांग. सकाळपासून ढवळायचा, थांबायचं नाही.

पातळ होता तोवर नुसता रटरटत होता.
बुडबुडा आला, फुटला, वाफ गेली,
कुणाला काही नाही.
दुपारी आटला.
मग बुडबुडा वर यायलाच वेळ लावू लागला.
फुगला, फुगला,
फाटला तो थेट तिच्या कोपरावर.
तिनं हात झटकला, डाग पाहिलासुद्धा नाही.
‘वाफ तेवढीच आहे,’ म्हणाली,
‘वाट राहिली नाही तिला.’

‘हेच,’ पाक विर्योनो म्हणाले. ‘दगडाच्या रसाचंही हेच.
त्यात सिलिका किती, ते आधी विचारायचं.’
त्यांचे शब्द वेगळे होते; माझ्या कानांनी ते असे ऐकले:
पन्नासच्या आसपास तो एकतारी.
वाहतो, पसरतो,
डोंगर होतो पालथ्या परातीसारखा.
सत्तरला गोळीबंद,
नळीतच बसतो बुचासारखा,
आणि खाली कोंडलेलं काही विसरत नाही.
‘आणि तुमचा?’
‘पंचावन्न.’

त्यांची मुलगी रेत्नानिंग हवाईला हॉटेलात चादरी बदलते.
तिनं पाठवलेला व्हिडिओ त्यांनी दाखवला:
अर्ध्या चड्डीतली माणसं,
दूरवर लाव्हा, सांडलेल्या काकवीसारखा सावकाश,
कुणीतरी आइस्क्रीम खातंय.
‘तिथे पन्नास,’ ते म्हणाले.
पाचच टक्के?
‘पाच टक्के आणि पाणी.
सगळं सिलिकावर ढकलू नका.
समुद्राचा ओला तळ आमच्या बेटाखाली सरकतो,
ते पाणी रसात मुरतं,
वर येताना त्याला बाहेर पडायचं असतं.’

शिखरावर तेव्हा नवा घुमट वाढत होता,
दिवसाला थोडा थोडा,
ट्यूबमधून पिळलेल्या पेस्टसारखा,
काठावर येऊन अडलेला.
तो ढासळला की काय उतरतं
त्याला इथे नाव आहे: झिपऱ्या मेंढ्या.
लोकरीसारखा गुबगुबीत राखाडी ढग,
आत शेकडो अंशांचा धूर आणि दगड,
मोटारसायकलला मागे टाकणारा.
मेंढ्या म्हणतात, कारण दुरून
त्या खरंच चरायला निघाल्यासारख्या दिसतात.

त्यांनी कपाटातून कागदाची गुंडाळी काढली.
पहाटे चार वाजून सोळा मिनिटं.
तिथे सुई शाईनं सगळा कागद भरून टाकते,
रेषा उरतच नाही.
‘भोंगा मीच वाजवला होता.
तुमिरन खाली आला होता सगळ्यांबरोबर.
मग गाईचं गवत आठवलं त्याला.’
तुमिरन धाकटा भाऊ.
याहून जास्त ते बोलले नाहीत,
गुंडाळी घट्ट करून रबर लावलं.

जेनांग कशासाठी, हे मी तोवर विचारलंच नव्हतं.
हजारावा दिवस होता.
संध्याकाळी शेजारी चटईवर बसले, प्रार्थना झाली,
केळीच्या पानात काळसर वड्या वाटल्या.
स्वैपाकघराची भिंत नवी आहे.
नदीत उतरलेल्या राखेच्या वाळूची,
ट्रकवाले सांगतात, हिच्याइतकं सिमेंट कुठली धरत नाही.
सगळे त्या भिंतीला टेकून बसले.
पाक विर्योनो मधोमध बसले, ताठ,
पाठीला काहीच न लावता.

गाय वाचली होती.
दावं तोडून आपली आपण उतरली होती त्या रात्री,
शेपटाचे केस तेवढे जळाले.
मुर्तिनाहनं कढई खरवडली,
उलथन्याला चिकटलेलं काही केल्या सुटेना,
तेव्हा तिनं उलथनंच नेऊन गाईपुढे धरलं.