बिनपाण्याची भाजी

सकाळी आठला ड्युटी संपते.
मेडिकलच्या फाटकाबाहेरचं डांबर तेव्हाच चपलेला चिकटतं.
घरी, ओल्या पंच्यात गुंडाळलेली,
सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातली पिशवी
ढेमसं, हातभर लांब दोन दोडके,
चवळीच्या शेंगा, भेदरं, एक हिरवी कैरी,
आणि सांभार, जो बाईनं वरून फुकट टाकला,
"घेऊन जा न सिस्टर, उद्या काय राहते हा."

मे महिन्यात मी गॅस पेटवत नाही.
काळ्या डब्यात तळाशी कांद्याच्या जाड चकत्या,
त्यावर ढेमशाच्या फोडी, बिया कोवळ्या असतील तर तशाच,
मग दोडका, शिरा तेवढ्या खरवडून,
शेंगा मोडून, कैरीचे काप,
भेदरं सगळ्यात वर, म्हणजे रस खाली उतरतो.
मीठ, तिखट, मूठभर तिळाचा कूट,
जवसाचं तेल दोन चमचे.
पाणी नाही. ढवळायचं नाही.
झाकण लावून डबा गच्चीवर,
सोलर कुकरच्या काचेखाली,
आणि मी खाली, कूलरमध्ये बादली ओतून
वाळ्याच्या वासात आडवी.

झोप लगेच येत नाही.
रात्री शीत कक्षात तिघं होते.
कळमन्याचा एक हमाल, काखेत बर्फ ठेवला
तरी अंग तव्यासारखं.
त्याची बायको विचारत होती, उठल्यावर काय खायला देऊ?
पातळ काहीतरी, मी म्हटलं,
आणि ज्यानं त्याला आडवं केलं
त्याच्याच भरवशावर माझं जेवण आहे
हे तिला सांगितलं नाही.

दोनला डबा उघडायचा.
चष्म्यावर वाफ, दोडका विरघळायच्या बेतात,
ढेमसं आपल्याच पाण्यात पोहत.
कालची पोळी, वरून सांभार.
आठ दिवस असंच चाललं.
वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटले,
काही करावंच लागत नाही गं,
ठेवायचं आणि झोपायचं.

कुकर ठेवायची मी जिन्यापाशी,
सापडायचा पलीकडच्या कठड्याला.
झोपेतल्या डोळ्यांना वाटायचं, माझंच चुकतंय.

नवव्या दिवशी कैरी करकरीत.
कांदा कच्चा, ढेमसं दाताखाली कुरकुरलं.
आभाळ स्वच्छ, पारा शेहेचाळीस.
कुकर मात्र जिन्यापाशीच,
पाण्याच्या टाकीच्या सावलीत, निवांत, एखाद्या म्हशीसारखा.

चप्पल विसरून वर आले होते,
या पायावरून त्या पायावर नाचताना
फरशीवर खडूच्या खुणा दिसल्या.
दहा. साडेअकरा. एक.
प्रत्येक आकड्यापाशी चार कोपरे आखलेले
आणि आरशाचं तोंड कुणीकडे, त्याचा छोटा बाण.
अक्षर सरळ, घाई नसलेलं.

वरच्या खोलीतले निनावे.
छत्तीस वर्षं अजनी शेडमध्ये इंजिनांमागे उभे राहिलेले.
काल रात्रीच लेकीकडे तुमसरला गेले म्हणे.
जिन्यात भेटले की मी म्हणायचे, "ऊन काय पडलंय!"
ते म्हणायचे, "पडू द्या."
एवढंच आमचं बोलणं.

ती भाजी शेवटी गॅसवर ठेवली.
खाली लागली थोडी.
घरमालकीण म्हणाली, गुरुवारी येतील परत.
बाजार बुधवारी.
ढेमसं या वेळी अर्धा किलो घ्यायला हवं,
आणि तिखट,
त्यांना किती चालतं
ते कुणाला तरी विचारून ठेवायला हवं.