माप इथे घेतात

दांडिया बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या ओट्याशेजारी
माझं मशीन. वर पत्र्याची पाटी,
मराठीत एक ओळ, गुजरातीत एक,
दोन्हींत शब्द तोच: माप.
गुजरातीत डोक्यावरची रेघ नाही एवढंच,
बाकी अंग तेच,
बिनकॉलरचा सदरा घातल्यासारखं.

भाचा म्हणाला, मावशी, दुकान नेटवर टाकू.
टिंबाच्या अलीकडे कुमुद,
टिंबाच्या पलीकडे माप.
जागा लागत नाही, भाडं वर्षाला थोडंसं.
दोन दिवस जिगर मोबाईलवर वाकून बसला
काज करताना मी बसते तसा.
मग मान वर करून म्हणाला,
पलीकडचं सगळं एका कंपनीनं मागितलंय.
कुमुद टिंब माप नाही,
कुणीच टिंब माप नाही,
फक्त ते.

ते शिवतात काय?
शिवत नाहीत. तयार विकतात. एस, एम, एल.

मला हसू आलं.
अख्ख्या माणूसजातीला ज्यांनी तीन खणांत कोंबलं
त्यांना हा शब्द कशाला लागला?

नाव ठेवा ना स्वतःचं,
घासूनपुसून, पेटीत घालून ठेवा,
मी त्याला बोट लावणार नाही.
पण माप?
लग्नात उंबऱ्यावर ते होतं, तांदळानं भरलेलं,
मी अंगठ्यानं लवंडलं आणि निकुंभांची झाले.
सासरे कापड फाडताना म्हणायचे, मापात पाप नको,
आणि वर दोन बोटं जास्त सोडायचे.
पाण्याच्या टाकीवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये
सगळ्यांनी मिळून माझं काढलं,
तेही मापच.
जुन्या धोतराचं दुपटं होतं ना, तसा हा शब्द,
कुणाकुणाच्या अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेला.
त्याच्यावर आता कुणाचं लेबल शिवायचं?

हरकत घ्यायला साठ दिवस होते,
त्यातले एक्केचाळीस गेलेले.
मी इस्त्री करत सांगत गेले, जिगर लिहीत गेला.
लिही: दिवसाला मी पंधरा-वीस मापं घेते,
लग्नसराईत चाळीस.
त्यामुळे कुणाची छाती अजून इंचानं कमी झालेली नाही.
मी घेतलं तरी माप ज्याचं त्याच्याकडेच राहतं,
तो ते अंगावर घेऊन घरी जातो.
तुमचं हे घेणं कुठल्या जातीचं?

जिगर म्हणाला, मावशी, इंग्रजीत हे बसत नाही.
म्हटलं, मग थोडं उसव, आत माया ठेवलीय.
रात्री त्यानं वाचून दाखवलं:
सर्वसामान्य शब्दावर कोणत्याही एका कंपनीचा
एकाधिकार असू नये.
बरोबर असेल.
मला रेडिमेड वाटलं.
तरी माझ्या ओळी खाली जशाच्या तशा लावायला सांगितल्या,
मराठीतच.
कुणीतरी तिथे असेल वाचणारं,
नसेल तर शोधेल.

पोच म्हणून एक लांबलचक आकडा आला.
तो मी मापाच्या वहीत उतरवून ठेवलाय,
श्रोत्रींच्या सुनेच्या ब्लाउजखाली,
बाही साडेदहा, गळा मागून खोल.
उत्तर नाही.
पाटी आहे तिथेच आहे. माप इथे घेतात.
कधीकधी ती वाचून मलाच कसंतरी होतं.

माझ्या टेपचा पहिला इंच झिजून गेलाय.
नवी आणा म्हणतात सगळे.
मी आपली एकच्या रेघेपासून धरते
आणि मनात एक वजा करते, वर्षानुवर्षं.
आज गणवेशासाठी आलेल्या पोरानं
टेप हातात धरून निरखून पाहिली,
कुमुदबेन, एक क्यां गयो?

वापरात गेला, म्हटलं.
हात वर कर.