जरा पुढं ये

माहितीपत्रकासाठी फोटो काढायला लीड्सहून माणूस आला
तेव्हा मी भट्टीच्या खोलीत कोपरापर्यंत मातीत होते.
हात धुऊ नकोस, म्हणाला, छान दिसतायत.
मग जरा थांबून:
अंगावर घालायला काही रंगीत आहे का?

स्कारबरोला मार्चमध्ये रंगीत काही नसतं.
समुद्र शिशासारखा, सीगल पांढरे आणि चोर,
आणि टेकडीवर आमचं कॉलेज, एकूण त्र्याण्णव मुलं,
एका बंद पडलेल्या हॉटेलात कोंबलेली.
नाचाच्या हॉलमध्ये आम्ही नग्न म्हातारे रेखाटतो,
आणि जिथं चादरी धुवायचे
तिथं आता मडकी भाजतात.

झोहराची जादाची जांभळी ओढणी,
ब्रॅडफर्डच्या बाजारातली, तीन पौंडांची,
माझ्या गळ्यात आली. माझी म्हणून.

मग त्यानं आम्हाला पायऱ्यांवर मांडलं,
रुखवत मांडावं तसं.
इफेओमा डावीकडं, वेण्यांवर उजेड पडेल अशी.
झोहरा मधोमध: दात नको दाखवूस, पण खूश दिस.
मॉर्वेनाला म्हणाला, केस मागं घे,
कानातलं यंत्र दिसू दे.
आणि मला: जरा पुढं ये. अजून. अजून जरा.
सांगलीच्या शाळेत उंचीपायी
दहा वर्षं शेवटच्या रांगेत उभी राहिलेली मी
एवढी पुढं आले
की मागं कोण आहे तेच दिसेना.

मागं रीस होता.
ग्रिम्स्बीचा. आई माशांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
त्याच्या घरातून कॉलेजात आलेला तो पहिलाच.
तो बोलायला लागला की सर म्हणतात, परत सांग.
माझं इंग्रजी त्यांना पहिल्या फटक्यात कळतं.

मित्रा, तू जरा बाजूला हो,
फोटोवाला गोड आवाजात म्हणाला,
तुझ्यासारखे भरपूर झालेत.

कुणी काही बोललं नाही.
मीही नाही.
परक्या घरात कुठं उभं राहायचं ते कुणी सांगितलं
की बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू.

रात्री भट्टी उघडायची पाळी आमची दोघांची.
रीस एकेक मडकं उचलतो, कानाशी नेतो, टिचकी मारतो.
आमच्याकडंही असंच वाजवून घेतात, मी म्हटलं.
म्हणजे तुझे वडील कुंभार?
नाही.
मग?
दोन पेट्रोल पंप आहेत, मी म्हटलं,
एवढ्या हळू की त्याला म्हणावं लागलं, परत सांग.

त्यानं शीळ घातली.
मातीचे पैसे द्यायला तो शनिवार-रविवार
बंदरावर बटाटे तळतो;
बोटांवर तेलाचे डाग, पिठूर चांदण्यासारखे पसरलेले.
आणि पुढं तू, म्हणाला.
आणि हसला, खरंच हसला,
मला राग आला असता तर सोपं गेलं असतं.
माझ्या हातातलं मडकं बद्द वाजलं.
तडा बाहेरून दिसत नव्हता.
ते मी त्याच्या फळीवर ठेवलं की माझ्या,
आता आठवत नाही, असं मी सांगते.

सप्टेंबरात माहितीपत्रक आलं. गुळगुळीत कागद.
मुखपृष्ठावर मी, मातीचे हात, जांभळी ओढणी,
डोळ्यांत कसलंसं उसनं अवसान.
अगदी कडेला, कठड्यावर,
चार बोटं राहून गेलीत कुणाची तरी.

आईनं ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं.
मग फोन केला. किती गोड आलीयेस.
फक्त ती बोटं कुणाची गं तिथं?
कापून टाकायला नको होती का त्यांनी?

हॅलो, मी म्हटलं.
हॅलो? इथं रेंज नाही, आई.